शनिवार कोणाचा?

आमच्या पिढीच्या इस्रायली माणसाला जर्मनीचे तिकीट काढताना हात थोडा अडखळतोच. आम्हां बेने इस्राएलांची घरे कोकणात आणि मुंबईत सुखरूप होती, त्या आगीची झळ आम्हांला लागली नाही, हे खरे. परंतु अलिया करून आल्यावर ज्यांच्या शेजारी आम्ही राहिलो, ज्यांच्याबरोबर गिरणीत आणि गोदीत राबलो, त्यांतील कित्येकांच्या हातांवर निळे आकडे गोंदलेले होते. ते आकडे रोज पाहिलेला माणूस जर्मनीच्या विमानतळावर निर्विकार मनाने उतरू शकत नाही. तथापि २०१८ साली, नव्याचा सण आणि पुढचे सारे सण आटोपल्यावर, आम्ही गेलो. दिमोनाच्या आमच्या धाकट्या बहिणीने गळच घातली होती.

तिचा मुलगा नेकारसुल्म येथे मोटारींचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने कारखान्याकडे एक कागद भरून देण्याचे ठरविले होते आणि त्या कागदाने बहिणीची झोप उडविली होती.

"दादा, तूच जाऊन त्याला चार शब्द सांग," ती दूरध्वनीवर म्हणाली. "लोक पैशासाठी परदेशी जातात. हा पैसे सोडतो आणि म्हणतो, मला दिवस द्या. दिवस काय शिजवून खायचे असतात?"

कागदाची हकीकत अशी. जर्मनीत धातुकाम व मोटार-उद्योगातील कामगारांची 'आय. जी. मेटाल' नावाची बलाढ्य संघटना आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात, म्हणजे ज्या प्रांतात नेकारसुल्म आहे तेथेच, या संघटनेने मालकांशी एक करार केला. त्यान्वये प्रत्येक कामगारास वर्षातून एकदा मासिक पगाराच्या २७.५ टक्के इतकी जादा रक्कम मिळावयाची होती. परंतु ज्याच्या घरी आठ वर्षांपर्यंतचे मूल आहे, ज्याला आजारी आप्ताची शुश्रूषा करावी लागते, किंवा जो पाळ्यांमध्ये काम करतो, त्याला त्या रकमेऐवजी आठ दिवसांची जादा रजा मागता येत होती. हिशेबाने त्या पैशांचे दिवस सहाच होतात. वरचे दोन मालकाने आपल्या पदरचे घालावयाचे. याखेरीज, आठवड्याचे काम २८ तासांपर्यंत खाली आणून, दोन वर्षांच्या आत पुन्हा पूर्ण वेळेवर परतण्याची मुभाही त्याच कराराने दिली. कागद ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत द्यावयाचा होता. आमच्या भाच्याचे मूल पाच वर्षांचे. त्याला दिवस हवे होते.

आम्ही त्याला चार शब्द सांगण्याच्या तयारीने निघालो, हे येथे कबूल केले पाहिजे.

नेकारसुल्मचे नाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. नेकार नदीला सुल्म नावाची लहानशी नदी मिळते तेथे हे गाव वसले आहे आणि त्याचे नावही त्या दोन नद्यांचेच. वस्ती सुमारे २६ हजार. दिमोना त्याहून मोठे. भोवतालच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. आम्ही गेलो तेव्हा तोडणी होऊन गेली होती आणि पाने पिवळी पडली होती. येथील द्राक्षउत्पादकांनी १८५५ मध्येच आपली सहकारी संस्था काढली. गावात जुना किल्लेवजा वाडा आहे. सुमारे तीन शतके, १८०५ पर्यंत, हे गाव ट्यूटॉनिक सरदारांच्या पंथाच्या ताब्यात होते, त्यांचा तो वाडा. आता त्यात सायकली व मोटारसायकलींचे संग्रहालय आहे.

भाचा आम्हांला प्रथम तेथेच घेऊन गेला. कारण या गावाची कथा ही एका कारखान्याची कथा आहे. १८७३ साली दुसऱ्या एका गावी विणकामाची यंत्रे बनविणारा कारखाना निघाला. तो १८८० मध्ये नेकारसुल्मला आला. १८८६ पासून त्याने सायकली बनविल्या, १९०१ पासून मोटारसायकली, पुढे लवकरच मोटारी. गावाच्या नावातील अक्षरे घेऊन त्याने 'एन. एस. यू.' हे नाव धारण केले. १९५५ च्या सुमारास जगात सर्वाधिक दुचाक्या बनविणारा कारखाना हाच होता. मग १९६७ साली त्यांनी 'आर. ओ. ८०' ही मोटार बाजारात आणली. तिच्यात वर-खाली होणाऱ्या दट्ट्यांऐवजी वांकेल यांच्या कल्पनेचे फिरते यंत्र होते. पुढल्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान तिला मिळाला. यंत्राच्या कडांची बुचे मात्र लवकर झिजत आणि कारखान्याला हमीपोटी इंजिनामागून इंजिन फुकट बदलून द्यावे लागे. असे सांगतात की या मोटारीचे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की एकमेकांना बोटे दाखवीत. जितकी इंजिने बदलली तितकी बोटे. १९६९ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने हा कारखाना आपल्या छत्राखाली घेतला, आणि पुढे १९८५ मध्ये 'एन. एस. यू.' ही अक्षरे कंपनीच्या नावातूनही गेली. आज तेथे ऑडी मोटारी तयार होतात.

या इतिहासातील एका दिवसाजवळ आम्ही बराच वेळ रेंगाळलो. ऑक्टोबर १९७३ मध्ये, किप्पूरच्या दिवशी, आमची मुले सिनाई आणि गोलानकडे धावली. ते युद्ध संपले, परंतु तेलाच्या किमती चौपट झाल्या आणि युरोपात मोटारींचा खप कोसळला. नेकारसुल्मचा कारखाना बंद करण्याचा विचार सुरू झाला. १८ एप्रिल १९७५ रोजी हजारो कामगार कारखान्यातून बाहेर पडले आणि शेजारच्या हाइलब्रॉन शहरापर्यंत पायी चालत गेले. कारखाना वाचला, पण पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्याच. आमच्या घरचे लोक सुवेझच्या काठी ज्या कारणाने खंदकात होते, त्याच कारणाने येथील माणसे भाकरीसाठी रस्त्यावर आली होती, हे आम्हांला त्या संग्रहालयाबाहेर उभे राहून प्रथमच उमगले. आणि असेही वाटले की त्या दिवशी त्या मोर्चातील एखाद्याला जर कोणी 'तुझ्या जीवनात अग्रक्रम कशाला?' असे विचारले असते, तर त्याने उत्तराऐवजी हात उगारला असता. सुखाचा विचार करावयास आधी चूल पेटलेली असावी लागते. दिमोना, येरुहाम, किर्यात गात येथील कापड गिरण्या एकेक करून बंद झाल्या तेव्हा घरी बसलेल्या आमच्या बांधवांना हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही हट्टाने कोखनडॉर्फला गेलो. नेकारसुल्मपासून ते अगदी जवळ. तेथे मिठाची खाण आहे. सप्टेंबर १९४४ ते मार्च १९४५ या काळात तेथे छळछावणी होती. शस्त्रास्त्रांचे कारखाने बाँबहल्ल्यांपासून वाचविण्यासाठी जमिनीखाली हलवावयाचे होते आणि त्यासाठी कैद्यांना मरेपर्यंत राबविले जाई. त्यांत यहुदी पुष्कळ होते. अखेरीस उरलेल्यांना डाखाऊच्या दिशेने पायी हाकलण्यात आले. कामाने माणूस मुक्त होतो, असे ज्यांनी छावण्यांच्या फाटकांवर लोखंडी अक्षरांत लिहिले, त्यांचे 'काम' ते हे. मिन्यान नव्हते, आम्ही दोघांनी हशकाबा म्हटला आणि परत आलो. येताना वाटेत हाइलब्रॉनला सिनेगॉगची जागा पाहिली. १८७७ साली बांधलेले ते भव्य सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळण्यात आले. भाचा त्या दिवशी फारसे बोलला नाही. तेथे राहावयाचे म्हणजे रोज हे सारे बरोबर घेऊन राहावयाचे. त्याचा निर्णय त्याचा. आम्ही त्यावर निवाडा देत नाही.

शुक्रवारी मात्र तो दुपारीच घरी आला. येथे तासांचे खाते असते, बँकेच्या खात्यासारखे. सोमवार ते गुरुवार अर्धा-अर्धा तास जास्त बसले की शुक्रवारी लवकर निघता येते. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात त्याला हे खाते फार सांभाळावे लागते. उलट जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, तेव्हा लेकरू किद्दुशची वाट पाहत पेंगते. सुनेने बत्त्या लावल्या. टेबलावर मनुकांचे शरबत होते, कारण आमच्या बहिणीने मुलाला सांगून ठेवले आहे की घरात दारूची बाटली कितीही उंची असो, शब्बाथला मनुका भिजल्याच पाहिजेत. भोवती इतके द्राक्षमळे असताना मनुका तुर्की दुकानातून विकत आणाव्या लागतात, हा विनोद तो दर शुक्रवारी करतो असे सून म्हणाली.

जेवणानंतर आम्ही विषय काढला. त्याने वाद घातला नाही. एक छायाचित्र दाखविले. जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने १ मे १९५६ साठी काढलेले ते भित्तिपत्रक होते. त्यावर एक लहान मुलगा हसत उभा आहे आणि सांगतो आहे की शनिवारी माझे बाबा माझे आहेत. त्या काळी तेथेही सहा दिवसांचा आठवडा होता. या चळवळीतून पुढे शनिवार सुटला आणि १९६७ पर्यंत धातू उद्योगात आठवडा ४० तासांवर आला. १९८४ मध्ये याच प्रांतात कित्येक आठवडे संप झाला आणि साडेअडतीस तास मिळाले. १९९५ मध्ये पस्तीस.

"मामा," तो म्हणाला, "या लोकांना शनिवार मागून घ्यावा लागला. आपल्याला तर नावच शनिवारचे होते ना?"

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो, आणि त्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून आलेल्या आपल्या पूर्वजांजवळ, परंपरा सांगते त्याप्रमाणे, काहीच उरले नव्हते. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. शमा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शब्बाथ एवढे राहिले. कोकणच्या गावागावांतून ते तेल गाळू लागले. शुक्रवारी संध्याकाळी बैल घाण्यावरून सोडीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. माणसाला त्याच्या धंद्यावरून नाव पडते हे सर्वत्र आहे. परंतु ज्या दिवशी तो धंदा करीत नाही त्या दिवसावरून नाव पडलेली जात आमच्या तरी ऐकिवात दुसरी नाही. आणि हे काही सधन लोक नव्हते. हातावरचे पोट. शनिवारी गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जात असणार, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच? मोशेच्या आज्ञेत विसावा फक्त मालकाला दिलेला नाही. चाकराला आहे आणि बैलालाही आहे. आमच्या तेल्यांना पोथी वाचता येत नव्हती, पण बैल सोडणे त्यांना ठाऊक होते.

मग आपण मुंबईस आलो. १७९६ मध्ये सामुएल इझेकिएल दिवेकरांनी पहिली मशीद बांधली तोवर आपली पुष्कळ माणसे पलटणीत होती. पुढे गोदीत, रेल्वेत, गिरणीत, सरकारी कचेऱ्यांत गेली. पगार नियमित आला, पांढरे कपडे आले, मुले शिकली. परंतु घाणा दुसऱ्याचा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली, हे फार मोठे कार्य होते. ती सुटी रविवारची होती. साहेबाच्या कचेरीतही रविवार. आमचे वडीलधारे शनिवारी पहाटे मशिदीत तेफिला करून, घाईघाईने घरी येऊन, कोट चढवून कचेरी गाठीत. शनिवारी अर्धाच दिवस असे, याचेच समाधान. ज्यांनी हे केले त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांच्या पगारावर आम्ही वाढलो.

इस्रायलमध्ये आलो तेव्हा वाटले, आता हा प्रश्न मिटला. सारा देशच शनिवारी थांबतो. १९५१ च्या कायद्याने आठवड्यातून सलग छत्तीस तासांची विश्रांती बांधून दिली आहे आणि यहुद्यांसाठी तीत शब्बाथ असलाच पाहिजे. बैल सुटला खरा, परंतु आम्ही दुसरा एक शब्द शिकलो. 'शाओत नोसाफोत', म्हणजे जादा तास. ज्या घरात हिब्रूचे पन्नास शब्द धड येत नव्हते त्या घरातही हे दोन शब्द पहिल्याच वर्षी पाठ झाले.

आमचे मेहुणे, या भाच्याचे वडील, दिमोनाच्या एका कापड गिरणीत तीन पाळ्यांमध्ये काम करीत. पाळीला जोडून जादा तास. शुक्रवारी सकाळीही एखादे किरकोळ काम. शब्बाथ त्यांनी कधी मोडला नाही. तो त्यांनी झोपेत पाळला. भाच्याने आम्हांला सांगितले की लहानपणीचा शनिवार आठवला की त्याला डोळ्यांपुढे चादरीखालचा एक उंचवटा दिसतो आणि आईचे बोट ओठांवर दिसते: बाबा निजलेत, आवाज करू नका. निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या आतच ते वारले. ते मोठे गमतीदार गोष्टी सांगत असत असे आम्ही भाच्याला सांगितले, तर तो म्हणाला, "तुम्हांला सांगितल्या असतील."

आता दुसरी बाजू ऐका. मुंबईहून आणलेल्या दोन ट्रंकांवर सुरू झालेला तो संसार. घराचे हप्ते, तीन मुले. ज्या विद्यापीठाने या मुलाला इंजिनिअर केले त्याची फी त्याच जादा तासांतून गेली. बहिणीला दूरध्वनी करून आम्ही हे सारे बोलणे सांगितले तेव्हा ती प्रथम गप्प राहिली आणि मग रागानेच म्हणाली, "त्याला म्हणावे, तू आज दिवस मागू शकतोस, कारण तुझ्या बापाने कधी मागितले नाहीत."

याला उत्तर नाही. निदान आमच्याजवळ नाही.

आम्हांला एवढेच वाटते की मेहुण्यांच्या काळी कोणी त्यांच्यापुढे दोन रकाने असलेला कागद ठेवलाच नव्हता. एकीकडे पैसे, एकीकडे दिवस, खूण करा. असा कागद आला असता तर त्यांनी पैशांवरच खूण केली असती, बहुधा पहिली दहा वर्षे तरी. पण पंधराव्या वर्षी? विसाव्या? घराचे हप्ते फिटले, मोठी मुलगी नोकरीस लागली, तरी तास तेच राहिले. गरज सरली होती, सवय उरली होती. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना झापडे बांधतात ती त्याला घेरी येऊ नये म्हणून. पण त्यामुळे तेल गाळून संपले हेही त्याला दिसत नाही. आमच्या समाजातील किती घरांत हे असेच घडले असेल याचा ज्याने त्याने आपल्याशी विचार करावा. आम्ही स्वतःही या हिशेबात मेहुण्यांच्या फार पुढे नव्हतो.

आणि हेही स्पष्ट लिहिले पाहिजे की भाच्याची निवड ही बलवान संघटना असलेल्या, चांगला पगार असलेल्या माणसाची निवड आहे. आमच्या समाजातील ज्या भगिनी आज वृद्धांची शुश्रूषा करतात, कचेऱ्या झाडतात, कंत्राटदाराकडे तासावर राबतात, त्यांना कोण विचारतो? २०१८ च्या एप्रिलमध्ये इस्रायलचा कामाचा आठवडा ४३ तासांवरून ४२ वर आला, तोही सर्वांना सारखा लाभला असे नाही. सुखासाठी आपल्या गरजांचा क्रम लावा, असे उपदेश करणारी पुस्तके पुष्कळ निघतात. त्यांचे लेखक भाड्याची तारीख जवळ आलेल्या माणसाशी बोलत नसतात. जर्मनीत तो कागद कोणा सत्पुरुषाच्या उपदेशाने आला नाही, संघटनेने टेबलावर बसून मिळविला. मात्र तो समोर आल्यावर काय झाले हे पाहण्यासारखे आहे. पहिल्याच वर्षी देशभरातून दोन लाखांहून अधिक कामगारांनी पैसे नकोत, दिवस द्या, असे लिहून दिले. मालकांना इतक्यांची अपेक्षा नव्हती म्हणतात.

रविवारी नेकारसुल्म अगदी शांत होते. जगभर हजारो दुकाने असलेल्या 'लिडल' या किराणा कंपनीची मुख्य कचेरी याच गावात आहे, आणि तरी तिची स्वतःच्या गावातील दुकानेही रविवारी बंद. रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राज्यघटनेने राखून ठेवला आहे, अशी माहिती भाच्याने पुरविली. आम्हांला दूध हवे होते ते मिळाले नाही. चहा काळाच प्यालो.

त्या दुपारी त्याने तो कागद आमच्यासमोर भरला. आम्ही सांगावयास नेलेले चार शब्द सांगितले नाहीत. मुलगा बापाच्या पाठीवर चढून, हे काय लिहितोस, असे मराठीत विचारीत होता. तोडकेमोडके का होईना, मराठीत. आजीशी दूरध्वनीवर बोलून बोलून तो ते शिकला आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात त्या आठांपैकी पाच दिवस दिमोनात खर्च झाले. बहिणीने एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला, पोहे, खोबरे, पाच फळे, सारे यथासांग. शनिवारी दुपारी आम्ही गेलो तेव्हा घरात एवढा गोंगाट होता की दारावरची थाप कोणाला ऐकू जाईना. बहीण म्हणाली, तीन दिवस कोठे ठेवलेस? सासऱ्यांच्या आजारपणासाठी, असे त्याने सांगितले. ती काही बोलली नाही. पण ऑक्टोबर लागला तसा तिने स्वतःहून नेकारसुल्मला दूरध्वनी केला, ख्यालीखुशालीही न विचारता.

"यंदाचा कागद भरलास का रे?"